खालच्या बिंदूपाशी

चेलनानं फळ्यावर उत्तर लिहिलं आणि खडूचा हात ओढणीला पुसत ती बाजूला सरकली. गणित साधंच होतं, बारावीच्या पहिल्या धड्यातलं. झोक्यावर एक मुलगी बसली आहे, झोका सर्वांत खालच्या बिंदूतून जातो आहे, तर त्या क्षणी दोरातला ताण किती? चेलनानं लिहिलं होतं, ताण म्हणजे मुलीचं वजन. दर वर्षी कोणी ना कोणी ही चूक करायचंच, आणि दर वर्षी सुलक्षणाचं वाक्य तयार असायचं, 'बाळा, तुझी मुलगी झोक्यावर बसली खरी, पण झोका हललाच नाही.' वर्ग हसायचा, चूक करणारी मुलगीही हसायची, आणि मग ते गणित त्यांना जन्मभर चुकायचं नाही. या वर्षी ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. तिनं टेबलाची कड धरली. बाहेर जुलैचा चिकट उकाडा होता, पंखा फिरत होता आणि त्याचा वारा तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

"चुकलं का मॅडम?" चेलनानं विचारलं.

"हो."

"पण मॅडम, मुलगी तर तेवढीच आहे. ती काही जड झाली नाही."

"नाही झाली."

"मग दोराला जास्त का ओढावं लागतं?"

पोर हुशार होती. सराफ बाजारातल्या दुकानदाराची मुलगी, घरी सगळे व्यापारात, आणि ही एकटीच हट्टानं सायन्सला आलेली. तिला उत्तर द्यायला हवं होतं. सुलक्षणानं फळ्याकडे तोंड केलं म्हणजे वर्गाला तिचा चेहरा दिसणार नाही, आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. दोराला दोन कामं असतात. एक, वजन पेलणं. दुसरं, वळवणं. झोक्यावरच्या माणसाला प्रत्येक क्षणी सरळ निघून जायचं असतं. दोर त्याला जाऊ देत नाही, वळवून घेतो. जेवढा वेग जास्त, तेवढं वळवायला बळ जास्त. आणि वेग सर्वांत जास्त कुठे? मुली एकसुरात म्हणाल्या, खाली. "वर गेल्यावर पोटात गोळा येतो," ती म्हणाली, "म्हणून आपल्याला वाटतं धोका वर आहे. वर दोर जवळजवळ मोकळा असतो. तुटायचाच असेल तर तो खाली तुटतो." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, तुटला तर मुलगी कुठे जाईल मॅडम? हा प्रश्नही दर वर्षीचाच. तिनं झोक्याचं वर्तुळ काढून त्याच्या तळाशी एक आडवी सरळ रेघ ओढली. रेघ फळ्याच्या लाकडी चौकटीपर्यंत गेली आणि खडू चौकटीवर आपटून मोडला. तास संपायला अवकाश होता. तिनं मुलींना पुढची गणितं सोडवायला सांगितली आणि खुर्चीत बसून राहिली.

फळ्याला चौकट होती, अंगणाला हौद. गिरणेच्या काठावर, भडगावपासून थोडं आत, तिच्या भावाच्या, हितेंद्रच्या, मळ्यातल्या घरासमोर मोठा निंब आहे आणि निंबासमोर गुरांना पाणी प्यायचा सिमेंटचा हौद. तिच्या लहानपणी हौद नव्हता, निंब होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या फांदीवर झोका बांधायचे. सासरहून आलेल्या आसपासच्या सगळ्या लेकी आळीपाळीनं त्यावर बसायच्या, आणि वाड्यावस्त्यांमधून गाण्यांचे सूर एकमेकांत मिसळायचे. वडील गेल्यावर झोका बंद झाला. यंदा तिनंच फोनवर हितेंद्रला म्हटलं होतं, "मी येते आखाजीला. झोका बांध रे. किती वर्षं झाली." हितेंद्र तिच्याहून लहान, अक्काचा शब्द खाली पडू न देणारा. त्याची बायको दिपमाला धुळ्याची. आखाजीला तीसुद्धा माहेरी जायची, पण नणंद येणार म्हणून ती यंदा गेली नाही. पुरणाची डाळ शिजत घालून, सांजोऱ्या तळून, ती दारात तांब्या घेऊन उभी होती. "आम्ही तर म्हटलं अक्का येतात का नाही," असं म्हणताना तिच्या कपाळावर घाम आणि हळदीचं बोट होतं. हे सगळं सुलक्षणाला आता इतकं स्वच्छ दिसतं की तिला वाटतं, त्या दिवशी आपण काहीच पाहिलं नव्हतं. सगळं नंतर, पुन्हा पुन्हा, पाहून पाहून स्वच्छ झालं आहे.

जेवणाआधी हितेंद्र दोर घेऊन आला. ती ओट्यावर बसून मोबाइलवर कॉलेजच्या ग्रुपवरचे निरोप वाचत होती. सीईटीच्या बॅचवरून काहीतरी घोळ झाला होता आणि प्राचार्य तिच्याकडून उत्तर मागत होते. हितेंद्रनं दोर तिच्यापुढे धरला.

"अक्का, हा मोटारीचा दोर. विहिरीत मोटार याच्यावरच सोडलेली होती. आता नवा घेतला, तर हा पडून शे. झोक्याला चालंल?"

"मोटार किती जड होती?"

"दोन माणसं तरी भरली असती."

"मग झोक्याला तर दोन पदर येतील. झेपेल."

"नक्की ना?"

"अरे झेपेल म्हणते ना," ती मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली.

एवढंच. यापेक्षा जास्त काही घडलं नव्हतं. तो दोर तिनं हातात घेतला नाही. मोटार विहिरीत निश्चल लोंबते, झोका लोंबत नाही, हे तिच्या मनात आलं नाही. उन्हात पडून नायलॉन ठिसूळ होतो, फांदीवर घासून झिजतो, हे तर कोणाच्याही मनात यावं असं. पण ते बाजूला ठेवलं तरी, जे तिचं म्हणून होतं, ज्याचा पगार ती घेते, ज्यासाठी मुलींचे गुण कापते, नेमकं तेच तिनं गाळलं. चेलनानं आज फळ्यावर जे लिहिलं तेच सुलक्षणानं त्या दिवशी ओट्यावर बसून सांगितलं होतं, आणि चेलना सतरा वर्षांची आहे.

झोक्यावर आधी ती आणि दिपमाला दोघी बसल्या होत्या. दिपमाला पाटाची कड घट्ट धरून, डोळे मिटून, मंद झोके घेत होती. हळूहळू तिचे डोळे उघडले, मग हसूही आलं. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला म्हणून सुलक्षणा उतरली आणि बोलत बोलत गोठ्याकडे गेली. शेजारच्या बेबाबाईच्या मुली झोका द्यायला लागल्या. मागून हसण्याचे आवाज येत होते, झोका करकरत होता, आणि दिपमालाचा आवाज आला, "अजून द्या गं. अक्का म्हणाल्यात, काही होत नाही." सुलक्षणानं पाठमोरी असतानाच मोकळा हात वर करून हलवला. हो, हो, द्या, असा. त्यानंतरचा आवाज तिला सांगता येत नाही. दोर तुटल्याचा आवाज मोठा नव्हता. दुसरा आवाज हौदाचा होता. ती वळली तेव्हा झोक्याचा पाट एका दोरावर गोल गोल फिरत होता आणि दिपमाला हौदाला टेकून बसल्यासारखी दिसत होती, जणू थकून बसली आहे. फक्त तिचा उजवा पाय कमरेपासून भलत्याच बाजूला वळलेला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसवला. डॉक्टर म्हणाले चालतील, पण पूर्वीसारखं नाही. दिपमालाचा भाऊ ज्ञानेश्वर दवाखान्याच्या व्हरांड्यात हितेंद्रच्या अंगावर धावून गेला होता. "दोघी बसल्या तेव्हा तुटला नाही आणि माझी बहीण एकटी बसली तेव्हा तुटला? कुजका दोर होता म्हणून तुटला. घरच्या बाईला बसवायला तुम्हाला विहिरीतला टाकाऊ दोर मिळाला?" हितेंद्र भिंतीला पाठ लावून उभा होता. तो म्हणाला, "माझंच चुकलं." तिथून चार पावलांवर सुलक्षणा औषधांची पिशवी घेऊन उभी होती. दोघी होतो तेव्हा झोका मंद होता, एकटी होती तेव्हा जोरात होता, वजन अर्धं झालं तरी ताण त्या वजनाच्या दुपटीच्या वर गेला, हे त्या व्हरांड्यात एकट्या तिला कळत होतं. ती बोलली असती तर ते स्पष्टीकरण झालं असतं आणि कबुलीही. तिनं पिशवीतल्या गोळ्या बिलाशी ताडून पाहिल्या. हितेंद्रनं एकदा तिच्याकडे पाहिलं होतं. ती नजर तिनं तेव्हापासून हजारदा उलगडून पाहिली. त्या नजरेत 'अक्का, बोलू नकोस' असं होतं, की 'अक्का, बोल' असं होतं? तो तिला झाकत होता, हे तिनं ठरवून टाकलं. भाऊ आपल्याला झाकतो आहे, तर त्याचं झाकणं मोडू नये, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. जळगावला परतताना बसमध्ये ते पटलंसुद्धा होतं. एरंडोल येईपर्यंत.

दवाखान्यातून ज्ञानेश्वर बहिणीला धुळ्यातल्याच देवपूरच्या घरी घेऊन गेला, आणि ती तिथंच राहिली. हितेंद्र दोनदा भेटायला गेला तर त्याला पुढच्या खोलीतूनच परत पाठवलं. फोनवर तो शेताचं बोलायचा, केळीवर आलेल्या करप्याचं बोलायचा, आणि मध्येच गप्प व्हायचा. "तू जेवतोस ना?" असं ती विचारायची. "जेवतो की," तो म्हणायचा. परवा म्हणाला, "ज्ञानेश्वर म्हणतो, आता पाठवायची नाही. पायानं अधू केली, उद्या काय करतील. त्याचं तरी काय चुकलं अक्का?" त्यावर ती म्हणाली होती, होईल रे सगळं नीट. फोन ठेवल्यावर ते वाक्य खोलीत राहिलं. त्या रात्री तिला स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासावीशी वाटली होती, आणि तिनं ती घासलीही.

वर्गाची घंटा झाली. मुली उठल्या. चेलना टेबलापाशी येऊन थांबली.

"मॅडम, तुम्हाला बरं वाटत नाही का? माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काही नाही," सुलक्षणा म्हणाली. "तू विचारलंस ते चांगलं केलंस."

तिनं स्टाफरूममध्ये अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि रिक्षा करून बसस्टँडवर आली. धुळ्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी बसल्यावर तिला वाटलं, आता विचार करायला वेळ मिळेल, काय बोलायचं ते जुळवता येईल. पण रस्ताभर तिच्या डोक्यात वाक्यं जुळली आणि मोडली. 'दिपा, माझं चुकलं,' हे फार सोपं होतं, ते कोणीही म्हणू शकतं. 'मला विचारलं होतं आणि मी झेपेल म्हणाले,' हे खरं होतं, पण त्यात तो वर केलेला हात येत नव्हता. पारोळ्याला एक बाई चढली, तिच्या शेजारी बसली, कुठे निघाल्या ताई, म्हणाली. "भावजयीला भेटायला." "बाळंत झाली का?" "नाही," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. वळणावर गाडी कलली आणि सगळे प्रवासी एका बाजूला झुकले, ती बाई तिच्या अंगावर रेलली, हसली, सावरली. सुलक्षणाच्या मनात आलं, मुलींना हेही उदाहरण देते मी. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उदाहरण असतं. तिला स्वतःच्या आवाजाचा, त्या तयार वाक्यांचा, वर्ग हसवायच्या त्या लकबीचा एकाएकी इतका वीट आला की तिनं डोळे मिटून घेतले.

देवपूरच्या घरात दुपारची शांतता होती. पुढच्या खोलीत दिपमालाचे वडील, आबा, खाटेवर बसून सुपारी कातरत होते, आणि ज्ञानेश्वर ड्यूटीवरून येऊन नुकता जेवायला बसला होता. त्यानं तिला पाहिलं, या म्हणाला नाही, पण उठूनही गेला नाही. आबांनी मानेनं आत जायची खूण केली.

दिपमाला पलंगावर बसली होती. वॉकर भिंतीशी टेकवलेला. ती वाळली होती आणि केस कोणीतरी दुसऱ्यानं विंचरल्यासारखे चप्प बसवलेले होते. "अक्का," ती म्हणाली, "आज कॉलेज नाही?" सुलक्षणा खुर्चीवर बसली. मनात जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही. दोर हितेंद्रनं तिला दाखवला होता, तिनं पाहिलाही नाही, झेपेल म्हणाली, तिला कळायला हवं होतं, तिलाच कळायला हवं होतं, आणि मागून दिपमाला 'अजून द्या' म्हणाली तेव्हा तिनं हात हलवला, हे सगळं तिनं उलटसुलट सांगितलं. तिला वाटलं होतं की रडू येईल. ते आलं नाही. आवाज मात्र कोणातरी परक्याचा असल्यासारखा येत होता.

दिपमालानं चादरीवरची घडी हातानं सपाट केली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही ओट्यावर बोलत होतात तेव्हा मी दाराच्या आड सांजोऱ्या ताटात काढत होते. सगळं ऐकलं. मला झोक्याची लहानपणापासून भीती. धुळ्यालासुद्धा कधी बसले नाही. तुम्ही म्हणालात म्हणून बसले."

सुलक्षणाची नजर भिंतीशी टेकवलेल्या वॉकरवर गेली.

"तुम्ही हात हलवलात तोसुद्धा मी पाहिला. तुम्ही कशाला मुद्दाम कराल, एवढं मला कळतं अक्का. राग त्याचा नव्हता. मी इथं पडल्या पडल्या वाट पाहत होते. दोघांपैकी एक तरी बोलेल म्हणून. ते नाही बोलले, कारण तुम्ही त्यांच्या अक्का. भावानं इतक्या शिव्या घातल्या तरी तुमचं नाव काढलं नाही त्यांनी. मग मला वाटायचं, त्यांनी तुम्हाला झाकलं ते ठीक, पण त्यांच्यासाठी कोणी येतं का ते तरी बघू."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं असतं तर नणंदेवर ढकललं म्हणाले असते." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आता मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. बाहेर भाऊ आणि आबा बसलेत. त्यांना सांगा."

पलंगापासून दारापर्यंतचं अंतर फार नव्हतं. ते चालताना सुलक्षणाला वाटलं, हिला हेच अंतर वॉकर घेऊन किती वेळ लागत असेल. ज्ञानेश्वर भाकरीचा तुकडा मोडत होता. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी क्रमानं, कारण ऐकणाऱ्यांना काही माहीत नव्हतं. तुकडा ताटात ठेवून ज्ञानेश्वर ऐकत राहिला.

"तुम्ही शिकवता ना हेच?" त्यानं विचारलं.

"हो."

"आणि दवाखान्यात तुम्ही तिथंच होतात. मी पाव्हण्यांच्या गळ्यापर्यंत हात नेला तेव्हा."

"होते."

तो आणखी काही बोलेल, ओरडेल, अशी तिची अपेक्षा होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ताट बाजूला सारलं, मोरीत जाऊन हात धुतले आणि तिच्याकडे न पाहता घराबाहेर निघून गेला. आबांच्या हातातला अडकित्ता थांबला होता. "जवाईले आम्ही काय काय बोलनूत," ते स्वतःशीच म्हणाले. "आते त्याले कसं तोंड दखाडू?" मग तिला म्हणाले, "बठ. चहा पी अन् जा." तिनं चहा घेतला. तो कडू लागला की गोड, हे तिला नंतर आठवेना. निघताना तिनं आतल्या खोलीत डोकावलं. दिपमाला फोनवर बोलत होती. तिनं हातानंच, या, अशी खूण केली. तिचा अर्थ जा असाच होता, पण आपल्याकडे जा म्हणत नाहीत.

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी यायला वेळ होता. ती एका बाकावर बसली. मनात काही हलकं झालं आहे का, हे ती चाचपून पाहत होती, आणि आपण चाचपतो आहोत याचीही लाज वाटत होती. फोन वाजला. हितेंद्र होता.

"अक्का, दिपाचा फोन आला होता. रविवारी ये म्हणाली. आबाही बोलले माझ्याशी." त्याचा आवाज धावत आल्यासारखा होता. "ती म्हणते, तू सगळं सांगितलंस. अक्का, काय सांगितलंस तू?"

"दोर तू मला दाखवला होतास ते. आणि मी झेपेल म्हणाले ते."

तिला वाटलं, लाइन गेली.

"हितेंद्र?"

"मी तुला विचारलं होतं?" तो म्हणाला.

सुलक्षणाला आधी कळलंच नाही.

"ओट्यावर. मी फोन बघत होते. तू म्हणालास, मोटारीचा दोर शे, चालंल का. दोनदा विचारलंस."

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही अक्का. त्या दिवसाचं ती पडली तिथून पुढचंच आठवतं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "रोज मी हेच घोकायचो. एवढी फिजिक्सची बहीण दारात बसलेली, आणि आपण तिला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, बांधू नको. रोज, अक्का. झोपताना, उठताना. विचारायला हवं होतं, विचारायला हवं होतं."

तिनं बाकाच्या पाठीला हात लावला. दवाखान्याच्या व्हरांड्यातली ती नजर तिच्यापुढे आली, जिचे तिनं इतके अर्थ लावले होते. त्या नजरेत काहीच नव्हतं. एक घाबरलेला माणूस आपल्या बहिणीकडे पाहत होता, एवढंच.

"म्हणजे मी विचारलं होतं," हितेंद्र म्हणाला, आणि तो रडायला लागला. लहान असताना रडायचा तसा, आवाज दाबून. ती फोन कानाशी धरून बसून राहिली. जळगावची गाडी फलाटाला लागली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा नाव पुकारलं. ती उठली नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत थांबणं एवढंच तिच्या हातात होतं, आणि ते लवकर संपत नव्हतं.